घंगाळातली फुले बुडतात, दिवे काठाला जातात: दिवाळीच्या जेवणाच्या टेबलासाठी काय करावे?

ओसरी

पाडव्याला सहा जणांचे जेवण आहे. टेबल ५ फूट बाय ३ फूट, वर काच. मधोमध १२ इंची पितळी घंगाळ, त्यात झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या आणि चार तरंगत्या मेणबत्त्या असा बेत आहे. एकदा करून पाहिले तर पाकळ्या तासाभरात तळाला, मेणबत्त्या सगळ्या एका काठाला आणि सकाळी पाणी चहाच्या रंगाचे. पंखा बंद ठेवता येणार नाही. देठ खोचायचा हिरवा फ्लोरल फोम नको. फुले न बुडण्यासाठी काही युक्ती आहे का? आणि एवढे मोठे भांडे टेबलावर बसेल ना?

पितळी कडी

आधी शेवटचा प्रश्न, कारण खरी अडचण तीच दिसते. ३ फूट म्हणजे ९१ सेंमी. समोरासमोर दोन १२ इंची ताटे आणि कडेला दोन-दोन सेंमी धरले की ६४-६५ सेंमी संपले. मध्ये उरले २६-२७, आणि तुमचे घंगाळ ३० सेंमीचे. म्हणजे तिघे-तिघे समोरासमोर बसवले तर मधल्या दोन ताटांना ते टेकणारच. दोघे-दोघे लांब बाजूंना आणि एकेक टोकाला बसवा, घंगाळ दोन जोड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल. नाहीतर ८-९ इंची घ्या. भाजी-आमटीची पातेली मात्र बाजूच्या टेबलावर, इथे जागा नाही.

उंचीही पाहा. बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसायला हवा, म्हणून फुला-दिव्यांसकट २५ सेंमीच्या वर जाऊ नका.

वजन: २८ सेंमी व्यास आणि १० सेंमी खोल पाणी म्हणजे सहा लिटर, सहा किलो. भांड्याचे वजन वेगळे. खाली सुती कापडाची चुंबळ द्या, नाहीतर बुडाच्या गोलाईमुळे सगळा भार काचेवर एका ठिकाणी येतो. भांडे जागेवर ठेवूनच तांब्याने पाणी भरा आणि उपसतानाही तांब्यानेच उपसा. भरलेले घंगाळ कड्यांना धरून उचलले की पहिले ओले होते ते टेबलक्लॉथ.

आता मेणबत्त्या. पंख्याचा वारा हे एक कारण, पण पंखा नसतानाही त्या काठालाच जातात. भांडे काठोकाठ भरलेले नसले की पाणी काठाशी किंचित वर चढते आणि हलक्या तरंगत्या वस्तू त्या चढाकडे ओढल्या जातात. काठोकाठ भरले तर उलटे होते, सगळे मध्ये येते. पण जेवणाच्या टेबलावर काठोकाठ भरणे म्हणजे कोणाचा तरी कोपर लागायची वाट पाहणे. त्यापेक्षा काठच अडवा. पाण्याची पातळी काठाखाली २ सेंमी ठेवा आणि ५ सेंमी रुंदीच्या झेंडूंचे कडे करा. २८ सेंमी व्यासाला अशी १४ फुले पुरतात. कडे पूर्ण झाले की दिव्यांना काठ सापडत नाही.

चार मेणबत्त्या जास्त आहेत. दोन ज्योतींमध्ये किमान ८ सेंमी हवेत, नाहीतर एकीच्या उष्णतेने दुसरीचे मेण एका बाजूने वितळते आणि ती कलंडते. फुलांचे कडे केल्यावर मध्ये १८ सेंमी उरतात, तिथे मोकळ्या तरंगत्या दोनसुद्धा अधूनमधून जवळ येतील.

त्यामुळे तरंगता दिवा सोडा, स्थिर दिवा लावा. पाण्यात स्टीलची वाटी उपडी ठेवायची, तिचे बूड पातळीच्या अर्धा सेंमी वर येईल अशी, आणि त्यावर एकच पणती. लांबून तरंगतेच आहे असे वाटते. वाटी तिरकी करून बुडवा, म्हणजे आतली हवा निघेल. हवा राहिली तर ती डुगडुगते आणि पणतीसकट उलटते. पंख्यासाठी ज्योतीभोवती काचेची चिमणी उभी करा. तिच्या खालून हवा जायला फट हवी, नाहीतर ज्योत गुदमरते.

झेंडू बुडतो तो कापण्याच्या चुकीने. देठ हिरव्या पेल्याखाली १ सेंमी ठेवून कापा. लांब देठ फुलाला आडवे पाडतो. पेलाच कापला तर पाकळ्यांना धरणारे काही उरत नाही आणि फूल पाण्यात उकलते. बाजारातून ओली फुले आली असतील तर तासभर कागदावर पसरून कोरडी करा. पाकळ्यांमध्ये अडकलेली हवाच त्यांना तरंगवते, भिजलेल्यात ती नसते. दोनशे ग्रॅम जास्तीची घ्या, कारण पिशवीच्या तळची दबलेली निघतात.

गुलाबाच्या सुट्या पाकळ्या मात्र तासाभराच्याच पाहुण्या. त्या पाने वाढायला घेताना टाका, मूठभरच आणि एकेक, आतली बाजू वर. ढीग टाकला की वरच्यांच्या वजनाने खालच्या जातात. पाण्याखाली बबलरॅपची चकती ठेवायची युक्ती सगळीकडे सांगतात आणि ती चालतेही, पण जिवंत ज्योत असलेल्या भांड्यात प्लास्टिक नको. थर्मोकोलच्या चकतीचा विचार असेल तर सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासूनच बंदी आहे.

चहाच्या रंगाचे पाणी हा पाकळ्यांचाच रस. सजावट जेवणाआधी दोन तास करा आणि रात्रीच पाणी उपसून भांडे कोरडे पुसा. त्यात शोभेला लिंबाच्या चकत्या सोडू नका, आंबट पितळाला लागून पाणी हिरवट होते.

केळीचे सोपट

फोम नको म्हणताय तर पाणी तरी कशाला? सत्यनारायणाला केळीचे खांब आणतात, त्यातलाच एक फूटभर तुकडा घ्या. जाडी १०-१२ सेंमी. एका बाजूने लांबीत पातळ काप काढून बूड सपाट करा, नाहीतर तो लोळतो. वरून दाभणाने (पोती शिवायच्या जाड सुईने) किंवा लोखंडी सळईने ३ सेंमी खोल भोके पाडा आणि ४-५ सेंमी देठाची शेवंती, झेंडू, आंब्याचे कोवळे तुरे खोचा. खांबातच पाणी असते, दोन दिवस फुले ताठ राहतात. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, तेव्हा उचला. फोमप्रमाणे चुरा राहत नाही, तुकडे करून थेट खताच्या कुंडीत.

एकच सांभाळा: चीक. केळीचा चीक कापडावर पडला की तपकिरी डाग कायमचा, कुठल्याही साबणाने जात नाही. कापल्यावर दोन्ही टोके तासभर पाण्यात उभी धरून चीक जाऊ द्या, पुसा आणि खांब लांबट ट्रेमध्येच ठेवा. हातालाही आधी खोबरेल लावा.

खांब १२ सेंमी रुंद, म्हणजे तुमच्या २६ सेंमीत आरामात बसतो. निशिगंध मात्र त्यात खोचू नका. संध्याकाळी त्याचा वास इतका उठतो की श्रीखंडातले केशर कोणाला कळणार नाही.

ठिपके आणि रेषा

पाण्याचाच आग्रह असेल तर पाण्याखालची रांगोळी करा. पाण्यावरची (कोळशाची पूड किंवा शंखजिरे पसरून त्यावर काढतात ती) जेवणाच्या टेबलावर टिकत नाही, कोणी खुर्ची ओढली तरी फाटते.

कृती: ९ इंची, काठाचे स्टीलचे ताट. तेलकटपणा अजिबात नको, भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा. साधी पांढरी मेणबत्ती किसून तळावर पातळ, सारखा थर द्या, दोन मोठे चमचे पुरतात. त्यावर नेहमीसारखी रांगोळी काढा, पण रेघ थोडी जाड. मग ताट मंद आचेवरच्या तव्यावर ठेवा. मेण वितळून रांगोळीत वर चढते आणि रंग ओला झाल्यासारखा गडद दिसतो. सगळीकडे गडद झाला की लगेच आच बंद. जास्त तापवले तर रेघा पसरतात. ताट न हलवता पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास. शेवटी काठाला चमचा टेकवून त्यावरून धारेने पाणी सोडा.

बिघडते ते बहुधा तेलकट ताटामुळे. मेण पाण्यापेक्षा हलके असते, तळाला नीट धरले नाही की नक्षीसकट सुटून वर येते. पांढरी रांगोळी मेणाने मळकट दिसते, म्हणून पांढऱ्यावर भिस्त नको, लाल-पिवळा-निळा घ्या.

ओसरी

आसनांची मांडणी बदलली आणि घंगाळ बसले. उपड्या वाटीची कल्पना घेते. पण पणतीखाली पाण्यावर तेलाचा तवंग येतोय, नवी पणती आहे. गळते का?

पितळी कडी

गळत नाही, पाझरते. कोरी माती तेल पिते आणि बाहेर सोडते. पणत्या चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून सावलीत वाळवा. माती आधीच पाणी प्यायलेली असली की तेल कमी ओढते. तरीही खाली विड्याचे पान ठेवाच.

बर्फातली पणती

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी: नोव्हेंबरात झेंडू मिळत नसेल तर दुकानात शेवंतीच्या कुंड्या असतात. फुले देठाशी कापून वरच्यासारखेच कडे करता येते, आणि ती झेंडूपेक्षा जास्त वेळ तरंगतात. कापलेली फुले फ्रीजमध्ये ठेवायची तर सफरचंद-केळी बाहेर काढा, पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने फुले लवकर मलूल होतात. दिवा फुंकून विझवू नका, झाकणाने झाका. फुंकल्यावर वातीचा धूर उठतो आणि छतावरचा अलार्म वाजतो.

केळीचा खांब इथे कुठला मिळणार? कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती एक इंची जाळी चुरगळून वाडग्यात दाबा, वर पाणी भरा, देठ तिच्यातच अडकतात.