काकाडूमधील तंबू-मुक्कामाची सहल: वाटाड्यासोबत जावे की स्वतः गाडी चालवावी?

रानवाट:
नमस्कार. ऑस्ट्रेलियातील काकाडू राष्ट्रीय उद्यानात तंबूत मुक्काम करत तीन-चार दिवस फिरण्याचा आमचा विचार आहे. सोबत माझे पती, 12 वर्षांची मुलगी आणि सासूबाई असतील. सासूबाई 66 वर्षांच्या असून रोज चालतात, मात्र उंच पायऱ्यांवर त्यांचे गुडघे दुखतात. डार्विनहून फोर व्हील ड्राइव्ह गाडी भाड्याने घेऊन आपण स्वतःच जावे, असे पतींचे मत आहे. मला वाटाड्यासोबतची छोट्या गटाची सहल अधिक योग्य वाटते. सुट्टी मे महिन्याच्या सुरुवातीस किंवा ऑगस्टमध्ये मिळू शकते. जिम जिम धबधबा पाहण्याची सर्वांची फार इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सागवान:
प्रथम रस्त्यांविषयी लिहितो, कारण पतींच्या मतात तथ्य आहे. डार्विनपासून उद्यानातील जाबिरू या गावापर्यंतचे सुमारे 250 किलोमीटर आणि तेथून पुढचा काकाडू महामार्ग पूर्ण डांबरी आहे. उबिर व बुरुंगकुय ही खडकचित्रांची ठिकाणे आणि यलो वॉटर हा पाणथळ भाग कोरड्या हंगामात साध्या गाडीनेही पाहता येतात. खरा प्रश्न जिम जिमच्या फाट्यावर सुरू होतो. तेथून धबधब्याकडे सुमारे 60 किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. त्याच्या पृष्ठभागावर आडव्या लाटा उमटलेल्या असतात आणि शेवटचे 10 किलोमीटर वाळू व खड्ड्यांतून फोर व्हील ड्राइव्हनेच जावे लागते. पुढे ट्विन फॉल्स या दुसऱ्या धबधब्याकडे जायचे असेल, तर ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालावी लागते आणि त्यासाठी गाडीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी वरून हवा घेणारी उंच नळी, हवा. भाड्याच्या अनेक करारांमध्ये नेमक्या याच रस्त्याला आणि पाण्यातून गाडी नेण्याला विमा लागू नसतो. त्यामुळे सही करण्यापूर्वी ते कलम शब्दशः वाचावे. वाळूत टायरमधील हवा किती कमी करावी आणि पाण्याचा तळ कसा पारखावा, याचा सराव नसलेल्याने ते धाडस कुटुंबासोबत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणथळ:
सागवान यांच्याशी मी सहमत आहे. परंतु माझ्या मते गाडी कोणी चालवावी यापेक्षा महिना कोणता निवडावा, हा प्रश्न मोठा आहे. जिम जिमचा धबधबा पावसाळ्यात सर्वांत भव्य असतो आणि तेव्हा तेथे जाणारा रस्ता पाण्याखाली असतो, म्हणून तो केवळ विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून दिसतो. पाणी ओसरल्यावर रस्त्याची डागडुजी होते, वनरक्षक खाऱ्या पाण्यातील मगरींसाठी डोहांची तपासणी करतात आणि मगच वाट खुली होते. ते साधारणपणे जूनच्या आसपास घडते, कधी त्याहूनही उशिरा. मेच्या सुरुवातीस गेल्यास जिम जिम जवळून पाहण्याची आशा धरू नये. ऑगस्टमध्ये वाट बहुधा खुली असते, मात्र कड्यावरून पडणारी धार तोवर बारीक झालेली असते. तरीही मी ऑगस्टच सुचवेन, कारण दोन्ही बाजूंचे ताशीव कडे आणि मधला थंड डोह पाण्याच्या धारेवर अवलंबून नाहीत.

येथील मूळ रहिवासी बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि वाटाड्या घेण्याचे खरे कारण मला त्यातच दिसते. एप्रिलच्या सुमारास येणारी वादळे पुरुषभर वाढलेले भालागवत आडवे करतात. मग येग्गे या ऋतूपासून गवताचे तुकडे पाडून जाणीवपूर्वक मंद आगी लावल्या जातात, जेणेकरून वर्षाच्या अखेरीस मोठा वणवा पेटू नये. रस्त्याकडेला जळते गवत पाहून नवखा माणूस घाबरतो. वाटाड्या मात्र गाडी थांबवून दाखवतो की आगीच्या कडेने घारी घिरट्या घालत आहेत आणि धुरातून उडणारे टोळ टिपत आहेत. अशी माहिती फलकावर वाचून मिळत नाही. सहल निवडताना वाटाड्या बिनिंज समाजातील आहे का, किंवा एखादा भाग त्या समाजातील व्यक्तीसोबत आहे का, हे अवश्य विचारा. ही भूमी त्यांची आहे आणि उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळात त्यांचेच बहुमत आहे.

रानवाट:
मनःपूर्वक आभार. ऑगस्ट निश्चित करत आहोत आणि विम्याचे कलम वाचल्यावर पतीही वाटाड्यासोबतच्या सहलीस तयार झाले आहेत. आता चिंता सासूबाईंची आणि मगरींची आहे.

गवतपाते:
सासूबाईंविषयी प्रांजळपणे सांगते. जिम जिमच्या वाहनतळापासून डोहापर्यंतची सुमारे 1 किलोमीटरची वाट शेवटी मोठमोठ्या शिळांवरून जाते. तेथे पाऊल उंच उचलून हातांनी आधार घ्यावा लागतो आणि परतताना तेच पुन्हा करायचे असते. त्यांनी सुरुवातीच्या सावलीच्या टप्प्यापर्यंत यावे आणि तेथे सोबत कोणीतरी थांबावे, हे आधीच ठरवून ठेवा. यलो वॉटरवरील पहाटेची नौकाफेरी मात्र त्यांच्यासाठी उत्तम आहे; कमळांच्या पानांवर चालणारे पाणपक्षी बसल्या जागेवरून दिसतात. उबिर येथील मुख्य चित्रेही फारसे न चढता पाहता येतात. अस्थी आणि आतडी दाखवणाऱ्या क्ष-किरण शैलीतील बारामुंडी मासे मुलीला नक्की दाखवा. पूरमैदानाचे दृश्य दिसते त्या खडकावरची चढण मात्र सासूबाईंनी गुडघे पाहूनच ठरवावी.

मगरींच्या बाबतीत नियम साधे असून त्यांना अपवाद नाही. तंबू पाण्याच्या काठापासून किमान 50 मीटर दूर असावा, भांडी काठावर धुऊ नयेत आणि अन्नाचे अवशेष तेथे टाकू नयेत. फलकावर बंदी नसली, तरी वाटाड्याने होकार दिल्याशिवाय मुलीने पाण्यात पाय घालू नये. अनेक सहलींत तंबूऐवजी स्वॅग, म्हणजे गादी आत असलेली कॅनव्हासची पथारी, मिळते. ती जमिनीवर असल्याने सासूबाईंना उठताना त्रास होईल. त्यांच्यासाठी खाट असलेला कायमस्वरूपी तंबू आरक्षणाच्या वेळीच मागून घ्या. ऑगस्टच्या पहाटे गारवा असतो, म्हणून एक लोकरी पांघरूण सोबत असू द्या. संध्याकाळी पाण्याजवळ डास फार असतात आणि त्यांच्यामुळे रॉस रिव्हर ज्वर होऊ शकतो. त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासरोधक मलम बॅगेच्या वरच्या कप्प्यातच ठेवावे. आणखी एक गोष्ट आयोजकांना लेखी विचारा: जिम जिमची वाट त्या आठवड्यात बंद राहिली, तर ते त्याऐवजी कोठे नेतील? मागुक धबधब्यासारखे ठिकाण नावानिशी सांगणारा आयोजक मी निवडेन.