डावपेचांच्या खेळात मुले जिंकतात, पण विचार करायला शिकतात का?

प्रश्न

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना गणिती प्रश्नांना भिडण्याची पद्धत कळावी, म्हणून मी महिनाभर वर्गात संगणकावरचा एक खेळ घेत आहे. पडद्यावर २१ सोंगट्या असतात. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायच्या आणि शेवटची सोंगटी ज्याच्या हाती लागेल तो जिंकतो. एका मुलीला युक्ती सापडली: आधी एक उचलायची आणि पुढे संगणक जितक्या उचलेल त्यात भर घालून चार करायच्या. दोन दिवसांत ती सगळ्यांना तोंडपाठ झाली. मग मी एका वेळी चारपर्यंत सोंगट्या उचलण्याची मुभा दिली. मुलांनी सवयीने आधी एकच उचलली (ती खेळी इथेही बरोबर ठरते, पण तो निव्वळ योगायोग), संगणकाने चार उचलल्या आणि सगळी मुले थबकली, कारण चारांत भर घालायची तरी काय? युक्ती का चालत होती, हे एकालाही सांगता आले नाही. मी कुठे चुकत आहे?

प्रतिसाद १

माझ्या मते दोष खेळाचा नसून २१ या संख्येचा आहे. मुलांनी स्वतः शोधावे यासाठी ती फार मोठी आहे. सुरुवात शेवटाकडून करावी. समोर एकही सोंगटी उरली नाही, तर ज्याची पाळी तो हरलेलाच असतो. एक, दोन किंवा तीन उरल्या तर तो जिंकतो. चार उरल्या तर काहीही केले तरी समोरच्याला जिंकती जागा मिळते, म्हणून चार ही हरती जागा. असा तक्ता मुलांनी कागदावर स्वतः भरला, की ४, ८, १२ हे आकडे त्यांच्यासमोर आपोआप उभे राहतात आणि ‘चार करा’ या युक्तीचे कारणही त्यांतच दिसते.

त्यानंतर एक, तीन किंवा चारच सोंगट्या उचलता येतील, दोन नाहीत, असा नियम द्यावा. इथे भर घालण्याची युक्ती साफ कोलमडते; हरत्या जागा ०, २, ७, ९, १४, १६ अशा येतात. तक्ता मात्र तसाच उपयोगी पडतो, आणि पद्धत व पाठांतर यांतला फरक मुलांना इथेच जाणवतो.

प्रतिसाद २

वरच्या मताशी मी सहमत आहे, पण पडद्याबद्दल थोडे लिहितो. खेळी मागे घेण्याची सोय असली की मुले विचार न करता टिचक्या मारत सुटतात. हनोईच्या मनोऱ्यात, म्हणजे फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोड्यात, तीन खांबांपैकी एकावर रचलेल्या लहान-मोठ्या चकत्या एकेक करून, लहान चकतीवर मोठी न ठेवता, दुसऱ्या खांबावर न्यायच्या असतात; चार चकत्यांना किमान १५ खेळ्या लागतात. मूल २३ खेळ्यांत मनोरा हलवते आणि काम झाले असे समजते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: याहून कमी खेळ्यांत का होणार नाही? सर्वांत मोठी चकती हलण्यापूर्वी उरलेल्या तिन्ही दुसऱ्या एकाच खांबावर जमायला हव्यात, हे मुलाच्या तोंडून येईपर्यंत मी पुढचा डाव लावू देत नाही. खेळी करण्यापूर्वी ‘आता काय होईल’ ते वहीत लिहायचे, एवढी एकच अट मी घालतो. वर्गात कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

प्रतिसाद ३

एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. सोंगट्यांच्या खेळात तरबेज झालेले मूल शाब्दिक उदाहरणेही आपोआप सोडवू लागेल, ही अपेक्षा मी ठेवणार नाही. लहान संख्या घेऊन पाहणे आणि शेवटाकडून मागे येणे या सवयींना शिक्षकाने नाव द्यावे लागते, आणि पुढे एखाद्या उदाहरणात मूल अडले की ‘तिथे काय केले होते?’ असे मुद्दाम विचारावे लागते.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. एक, तीन, चारचा नियम देऊन पाहिला. पहिल्या दिवशी बहुतेक मुले सवयीने आधी एक उचलून हरली. दुसऱ्या दिवशी तक्ता २१ पर्यंत पोहोचला आणि २१ हीच हरती जागा निघाली. डाव कोणी सुरू करायचा, हे पडद्यावर निवडता येते, पण महिनाभरात त्या बटणाला कोणी हात लावला नव्हता; त्या दिवशी मुलांनी एकमताने संगणकाला सुरुवात करायला लावली.