मदत हवी आहे: मिड-ड्राइव्ह मोटर कोणती घ्यावी?
नमस्कार मंडळी. चढाच्या रस्त्यांसाठी मिड-ड्राइव्ह (म्हणजे मोटर मधे, पेडलपाशी असलेली) ई-बाइक घ्यायची आहे, पण मोटर काही ठरत नाहीये. बॉश परफॉर्मन्स लाइन सीएक्सची चौथी पिढी आणि शिमानो ईपी८, दोन्हींचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कागदावर ८५ न्यूटन-मीटरच. वजन २.९ आणि २.६ किलो, हा फरक माझ्या लेखी किरकोळ. खरी काळजी आहे ती उभ्या चढाची. पेडल मिनिटाला ५०-६० फेऱ्यांवर आलं की कोणती मोटर जोर टिकवते? आणि उतारावर पेडल थांबवल्यावर आतून खडखड येते म्हणतात, ती रोजच्या वापरात खटकते का?

दुसरीकडे, जुन्या सायकलला बाफांग बीबीएस०२ हे मोटरचं किट बसवायचाही विचार आहे. घरी उघडून दुरुस्त करता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण त्यात टॉर्क सेन्सर नाही. पेडल फिरलं की मोटर ढकलणार, पायाचा जोर किती हे तिला कळतच नाही. गिअर बदलताना मोटर क्षणभर थांबवणारा सेन्सर लावला तर चेन आणि कॅसेटची (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांची) झीज खरंच कमी होते का?

दोन्ही प्रकार चालवलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. चेन किती किलोमीटरवर बदलावी लागली, तेही सांगा.