मशीनवर शून्य, पण गडी झुलतोय. लाळेची पट्टी कितपत कामाची?

गोदाकाठ: सोलापूर-धुळे हायवेवर रात्रीची नाकाबंदी. फुंकून दारू तपासायच्या मशीनवर 0, तरी ड्रायव्हरची जीभ जड. गांजा असेल नाहीतर बटण (नशेसाठी घेतात ती गोळी). लाळेतून नशा तपासायच्या किटवर केस उभी राहते का? अन् उन्हाळ्यात पट्ट्या इतक्या बाद का होतात?

रातपाळी: पट्टीनं संशय बळावतो, केस नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूला 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, गांजा-गोळ्यांना आकडाच नाही. गाडीवर नीट ताबा ठेवण्याच्या स्थितीत नव्हता, हे दाखवावं लागतं. ‘नशेत दिसला’ एवढं लिहून भागत नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत 9 पावलं, वळून परत 9. मग एका पायावर 30 सेकंद. कितव्या पावलाला तोल गेला, कितव्या सेकंदाला पाय टेकला, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या, सगळं वेळ टाकून लिहा.

आणि बटण म्हणजे बहुतेक नायट्राझेपाम, झोपेची गोळी. या जातीच्या गोळ्या रक्तातल्या प्रथिनांना धरून राहतात, लाळेत फार थोड्या उतरतात. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका.

पट्टीवाला: पाकिटावर बहुधा 2 ते 30 अंश छापलेलं असतं, अन् मे महिन्यात परभणीत ते गाडीच्या डॅशबोर्डवर पडून असतं! बर्फाच्या पेटीत ठेवा, पण पट्टी भिजू देऊ नका. तोंडात गुटखा असेल तर चूळ भरायला लावून 10 मिनिटं थांबवा, नाहीतर रंग चढून रेषाच दिसत नाही. गांज्यानं तोंड कोरडं पडतं. लाळ घ्यायचा बोळा अर्धवट भिजला तर सी रेष (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटत नाही, ती टेस्ट बाद. वाचन उलटं असतं हं: टी रेष (नशा तपासणारी) फिकट जरी आली तरी निगेटिव्ह, गायब असली तर पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सीच्या पट्टीची सवय असलेले इथंच फसतात.

गोदाकाठ: मग रक्त त्याच कायद्याच्या कलम 204 खाली घ्यायचं का? की लघवी पुरते?

रातपाळी: 204 लागतं ते फुंकून दारू दिसली किंवा फुंकायला नकार दिला तर. शून्य आलं की बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 51 खाली डॉक्टरांना पत्र द्या. मोटार वाहन कायद्याच्या 202 प्रमाणे अटकेपासून 2 तासांत तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. लघवीत गांजा कित्येक दिवस दिसतो, त्यामुळे स्टिअरिंगवर असताना चढलेला होता हे त्यातनं ठरत नाही. रक्तातला मात्र तासा-दोन तासांत झपाट्यानं उतरतो, म्हणून कागद रंगवण्याआधी गाडी दवाखान्याकडे. नमुना फ्लोराइडच्या, करड्या झाकणाच्या नळीत. हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, झटकू नका. सील डॉक्टरांसमोरच.