ऑनलाइन बायोस्टॅटला वर्ग गप्प होतो, काय करू?

हिरडी_मॅडम
डेंटल हायजीनच्या दुसऱ्या वर्षाला बायोस्टॅट (आरोग्याचं संख्याशास्त्र) आणि एपिडेमिऑलॉजी (लोकांमधल्या रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) ऑनलाइन शिकवते. स्केलिंगचा (दातांवरचा कडक थर काढण्याचा) विषय निघाला की प्रश्नांचा भडिमार, आणि स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र आलं की एकेक कॅमेरा बंद. परवा तासाभरात चॅटमध्ये एकच ओळ आली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

असाइनमेंटमध्ये एकीने एकाच पेशंटचे 28 दात, दाताला सहा जागा अशी पॉकेट डेप्थ (दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली) घेऊन 'नमुना 168' लिहिलं. आधी हसू आलं. मग स्लाइड उघडली तर 'नमुना म्हणजे घेतलेल्या एकूण नोंदी' हे माझंच वाक्य! व्हिडिओ छोटे केले, पोल घेतले, क्विझ घेतल्या. उत्तरं बरोबर येतात, आठवड्याने पाटी कोरी. तुम्ही काय करता?

सरासरीचा_शत्रू
त्या 168 वालीच्या चुकीवर अख्खा तास घ्या. एका तोंडातले दात म्हणजे एका घरातली भावंडं: तीच लाळ, तोच ब्रश, तीच सिगारेट. नोंदी 168, माणूस एक. क्लस्टरिंग हा शब्द नंतर आला तरी चालेल.

सूत्राचंही तसंच. मी नऊ मुलांचे डीएमएफटी (किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले मिळून किती दात) देतो: 0, 0, 0, 0, 0, 1, 4, 6, 7. सरासरी 2. आता यातल्या कोणाचा डीएमएफटी 2 आहे? कोणाचाच नाही. मध्यक तर 0. मग वरच्या एक तृतीयांश, म्हणजे तिघांचीच सरासरी काढायला लावतो, ती 5.67. हाच सिग्निफिकंट कॅरीज इंडेक्स, ब्रॅथॉल यांनी 2000 साली मांडला तो याच दुखण्यावर. नाव मात्र सगळ्यात शेवटी सांगतो.

मागच्या_बाकावरून
मी कॅमेरा बंद करणाऱ्यांपैकीच! पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) मला कळली ती नोकरी लागल्यावर. एका माउथवॉशच्या माहितीपत्रकात 'पॉकेट डेप्थमध्ये लक्षणीय घट' असं ठळक छापलेलं, आत बारीक अक्षरात 0.2 मिमी. अहो, माझ्या प्रोबच्या (खोली मोजायच्या काडीच्या) खुणाच एकेक मिलिमीटरच्या! 'लक्षणीय' म्हणजे पी-व्हॅल्यू छोटी, एवढंच; या शब्दाने घात केलाय आपला. पेशंटला काय फरक पडला, ते पी-व्हॅल्यू सांगत नाही, हे तेव्हाच कोणी बजावायला हवं होतं.

कॉलेजातला एकच तास आठवतो. हिरड्यांचे 20 फोटो, सूज आहे की नाही एवढंच लिहायचं, तेही जोडीदाराशी न बोलता. मग दोघींनी उत्तरं ताडून कप्पा (योगायोगाचा वाटा वगळून मतं किती जुळली याचं माप, पूर्ण जुळली तर 1) काढायचा.

हिरडी_मॅडम
आज फोटोंचा प्रयोग केला. एका जोडीचं 20 पैकी 16 जुळलं, 80 टक्के म्हणून दोघी खूश. दोघींनीही चार-चार ठिकाणीच सूज लिहिलेली, त्यामुळे नुसत्या योगायोगानेच 68 टक्के जुळलं असतं. कप्पा आला जेमतेम 0.38. "मॅडम, हे कसं काय?" म्हणून एकीने माइक सुरू केला, या सत्रात पहिल्यांदा. सूत्र मी दाखवलंच नाही, त्यांनीच मागितलं.

168 ची स्लाइड बदलली. तास संपून वीस मिनिटं झाली तरी दोघी तेराव्या फोटोवर भांडत होत्या, हिरडी सुजलीय की प्रकाशच तसा पडलाय. कॅमेरे सुरू होते.