थर्मोकपलला साधी तांब्याची तार का नको

थर्मोकपल म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारी, दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी. तिच्यापासून मीटरपर्यंत घरातली उरलेली तांब्याची वायर जोडली तर काय बिघडतं, असा प्रश्न आहे. के टाइप या प्रकारच्या थर्मोकपलमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल या मिश्रधातूंच्या जोडीतून दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. मध्ये तांबं आलं की थंड टोक (ज्याच्या तुलनेत भट्टीचं तापमान मोजलं जातं ते) मीटरपासून सरकून त्या जोडापाशी येतं; मीटर मात्र स्वतःजवळचंच तापमान हिशेबात धरतो. जोड ६० अंशांवर आणि मीटर ३० वर असेल, तर आकडा सुमारे ३० अंशांनी कमी दिसणार. म्हणून के टाइपचीच एक्स्टेन्शन वायर घ्या.

रंगांवर डोळे झाकून विसंबू नका. अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकात हिरवी धन आणि पांढरी ऋण. शंका आली तर चुंबक लावा, अल्युमेल त्याला चिकटतं. इन्सुलेशन पीव्हीसीचं असेल तर भट्टीच्या अंगाला लागू देऊ नका, तिथे फायबरग्लासच हवं.

आता खरी भीती. हीटरची कॉइल थर्मोकपलला टेकली तर मेन्सचा, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याचा, दाब (व्होल्टेज) थेट मीटरच्या टर्मिनलवर येतो, आणि मीटर हातात असेल तर तुमच्यावरही. भट्टीच्या धातूच्या अंगाला अर्थिंग पक्कं हवं. थर्मोकपलची वायर मेन्सच्या पाइपातून कधीच नेऊ नका. काम करताना एमसीबी बंद करा आणि टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून मगच तारेला लावा. बंद पडलेला टेस्टरही ‘करंट नाही’ असंच सांगतो.