एंगावा: ओसरी म्हणू की पडवी?

पागोळी: क्योतोमधल्या जुन्या लाकडी घरांवरचा, म्हणजे माचियांवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'एंगावा'शी अडलेय. खोली आणि बाग यांच्यामधला फळ्यांचा अरुंद पट्टा, वर छपराची वळचण. खालच्या दगडावर पादत्राणं काढायची, फळीवर टेकायचं, पाय बागेकडे सोडायचे. मी 'ओसरी' लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या मावशींनी ते खोडून 'पडवी' केलं. त्या रत्नागिरीच्या.

सागवान: ओसरीच. आमच्या पडवीत नांगर, जळाऊ लाकडं आणि पावसाळ्यात गाय. जमीनही घरापेक्षा हातभर खाली. तिथे चहा घेऊन कोण बसतं?

बकुळ: आमच्या पडवीत झोपाळा होता, सागवानदादा. आजोबांचा सगळा दिवस तिथेच जायचा. एका तालुक्यावरून शब्द बाद करू नका.

पागोळी: पण ओसरी असते रस्त्याच्या अंगाला, आला-गेला तिथेच बसतो. माचियाला रस्त्याकडे नुसती लाकडी गजांची जाळी. घर चिंचोळं आणि खोल, तिकडे त्याला 'वाम माशाचं अंथरूण' म्हणतात. एंगावा आत, मधल्या इवल्याशा बागेला नाहीतर मागच्या बागेला लागून.

बकुळ: मग मागची पडवी! मावशी बरोबर आहेत.

तिसरा प्रहर: आमचे काका सांगायचे, पाऊस ओसरेपर्यंत थांबायची जागा ती ओसरी. एंगावाच्याही बाहेरच्या कडेला पावसासाठी सरकती दारं असतात ना? मग अर्थ जुळतो.

सागवान: काकांची व्युत्पत्ती गोड आहे, पण जुन्या कागदांतला आधार दाखवा. कानाला जुळलं म्हणजे मूळ सापडलं असं होत नाही.

निरंजन: 'एंगावा'च ठेवा. किमोनोला आपण झगा म्हणतो का?

सागवान: किमोनो चित्रात पाहिलेला असतो. एंगावा वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येणार? आपल्याकडे शब्द असताना उसना का घ्यायचा?

माजघर: शब्द आहे, पण किती दिवस? पुण्यातला आमचा वाडा पाडला तेव्हा खांबाखालचा एक तळखडा मी उचलून आणला. आता त्यावर तुळशीची कुंडी आहे. मुलाला तळखडाही सांगावा लागला आणि सोपाही, म्हणजे वाड्यातली ओसरी. सोपा म्हटलं की त्याला फक्त 'अवघड नाही' एवढंच कळतं.

पागोळी: माजघरताई, लेखात हेच आहे. २००८ ते २०१० च्या पाहणीत क्योतोत सुमारे ४७,७०० माचिया होत्या, २०१६ मध्ये सुमारे ४०,१००. यांतल्या पाडलेल्याच मोजल्या तरी दिवसाला दोन घरं. वारसा कर भरायला जागा विकावी लागते, आणि १९५० च्या बांधकाम कायद्यापासून शहरात तसंच लाकडी घर नव्याने उभं करणं फार अवघड. पुढे शिराकावागो या जपानमधल्या डोंगराळ गावाचा उतारा आहे: उंच, उतरती गवती छपरं, आणि 'युइ' म्हणजे गावाने मिळून एकाचं छप्पर शाकारणं. शे-दोनशे माणसं एका दिवसात एक बाजू पुरी करतात. याला 'इर्जिक' चालेल?

तिसरा प्रहर: इर्जिक शेतातल्या कामाची, आणि मालकाने जेवण घालायचं. ही सावड.

निरंजन: सावडीत दोघं-चौघं असतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. अख्ख्या गावाला सावड कोण म्हणतं?

सागवान: आमच्याकडे म्हणतात.

बकुळ: आमच्या वाडीत गवती गोठे होते तोवर दर उन्हाळ्यात शाकारणी असायची. खालून पेंढी फेकायची, वरचा झेलून सुंभाने आवळायचा. मी लहान म्हणून मला सुंभ भिजवायचं काम. पण वाडीने मिळून करायच्या या कामाला वेगळं नाव ऐकलेलं आठवत नाही. आदल्या रात्री आजोबा पडवीतून हाक मारायचे, "उद्या खालच्या घरी रे!"